दोन भिंतींमध्ये अडकलेली पट्टी: ९ पट भाराची उडी आधीच का येते?

घणसोली_मेक

नमस्कार. तिसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी बकलिंगचा (उभ्या दाबाखाली पट्टी एकदम बाजूला वाकण्याचा) प्रयोग उभा करतेय. १७४४ पासून चालत आलेला ऑयलरचा मोकळा स्तंभ सगळ्यांनी केलेला असतो. इथे पट्टीच्या दोन्ही बाजूंना भिंती आहेत, त्यामुळे ती वाकून भिंतीला टेकते आणि पुढेही भार घेत राहते. मांडणी अशी:

निळ्या स्प्रिंग स्टीलची पट्टी, शिमच्या रोलमधून कापलेली. मोकळी लांबी ३०० मिमी, रुंदी २५, जाडी ०.५. उभी, दोन्ही टोकं क्लॅम्पमध्ये पक्की. खालचा क्लॅम्प स्थिर, वरचा दोन गाइड रॉडवर सरकतो आणि त्याला पारडं. डावी भिंत पट्टीला चिकटून, उजवी भिंत पट्टीच्या पृष्ठभागापासून ४ मिमीवर. भिंती ५ मिमी अ‍ॅक्रिलिकच्या, ४० मिमी रुंद, फक्त वर-खाली बोल्टनं धरलेल्या. अर्ध्या-अर्ध्या किलोची वजनं. सरकता क्लॅम्प आणि पारडं मिळून ९०० ग्रॅम, ते भारात धरलं आहे.

हिशोब: ई (स्टीलचा लवचिकता मापांक) २ लाख न्यूटन प्रति चौ. मिमी, आय (पट्टीच्या छेदाचं जडत्व आघूर्ण) ०.२६ मिमी घात ४, म्हणून पहिला बकलिंग भार २२.८ न्यूटन, म्हणजे २.३३ किलो. याला पी१ म्हणूया. वाचलं होतं त्यानुसार पी१ च्या ४ पटीला टेकलेला भाग सपाट व्हायला लागतो आणि ९ पटीला, म्हणजे २१ किलोला, सपाट भाग भिंत सोडून उलट बाजूला उडी मारतो.

प्रत्यक्षात उडी १५.५ ते १६.५ किलोमध्ये येते. वजनं काढत आलं की पट्टी जुन्या आकारात परतते ती ८ किलोच्या आसपास. सपाट होणं कधीच स्वच्छ दिसत नाही. आणि फट ४ ची ६ मिमी केली तरी उडीचा भार जवळपास तोच! माझं सूत्र चुकतंय की मांडणी?

---

कागदपेन्सिल

मॅडम, सूत्र बरोबर आहे. फट बदलूनही भार बदलला नाही, हे तर तुमच्या वाचनातलं सगळ्यात चांगलं लक्षण आहे.

पट्टी मधोमध भिंतीला टेकली की दोन मोकळे तुकडे उरतात. प्रत्येक तुकडा क्लॅम्पपाशी शून्य उतारानं सुटतो आणि भिंतीपाशी शून्य उतारानं पोचतो. भार वाढत जातो तशी टेकलेल्या बिंदूपाशी पट्टीची वक्रता कमी होत जाते. ती शून्य झाली की बिंदूऐवजी रेषेत टेकणं सुरू होतं. त्याची अट एवढीच: मोकळ्या तुकड्याची लांबी × वर्गमूळ (पी ÷ ईआय) = २π, इथे पी म्हणजे भार. यात लांबी आहे, कडकपणा आहे, फट कुठेच नाही. फट वाढवली तर तोच आकार आडवा ताणला जातो, बस. तुकडा १५० मिमीचा असताना ही अट बरोबर ४ पी१ ला पुरी होते.

त्यापुढे भार वाढवला की मोकळे तुकडे भाराच्या वर्गमूळाच्या प्रमाणात आखडतात आणि मधला सपाट भाग लांबत जातो. ९ पी१ ला मोकळे तुकडे १०० मिमीचे, सपाट भागही १०० चा. आता त्या सपाट भागाकडे १०० मिमी लांबीचा, दोन्ही टोकं पक्की असलेला स्वतंत्र स्तंभ म्हणून पाहा: त्याचा स्वतःचा ऑयलर भार भरतो बरोबर ९ पी१. म्हणून तो तिथे सुटतो. (डावी भिंत पट्टीला चिकटून असल्यानं सपाट लांबी थोडीफार क्लॅम्पपाशीही साठू शकते. तसं झालं तर उडी ९ पटीच्याही पुढे जाते. तुमच्याकडे हे घडत नाहीये.)

अनेकांच्या ध्यानात न येणारी गोष्ट म्हणजे सपाट भाग भिंतीला टेकलेला असतो, पण तो भिंत दाबत नाही. सगळा आडवा जोर सपाट भागाच्या दोन टोकांवर एकवटलेला असतो, प्रत्येकी पी × फट ÷ मोकळी लांबी. तुमच्या आकड्यांत ९ पटीला साधारण ८.२ न्यूटन. बटर पेपरची अर्धा इंच रुंद चिंधी भिंत आणि पट्टी यांच्यामध्ये सरकवून बघा. सपाट भागाच्या मध्यावर ती अलगद निघते, टोकांशी आणली की पकडली जाते. पकडीच्या दोन जागांमधलं अंतर मोजलं की सपाट लांबी हातात आली. डोळ्यांनी हे कळत नाही, म्हणूनच तुम्हाला सपाट होणं दिसत नसावं.

आता परतीचं. उडीनंतर पट्टीला दोन उंचवटे असतात आणि मध्ये ती डाव्या भिंतीला टेकते. वजनं काढताना या आकाराचा भिंतीवरचा जोर ४ पी१ ला शून्य होतो. तिथे आधार सुटतो आणि पट्टी एका उंचवट्यावर परतते. म्हणजे वजनं टांगून केलेल्या आदर्श प्रयोगात जाताना ९, येताना ४. दोन आकड्यांत फरक असायलाच हवा. क्लॅम्प फटीच्या मधोमध असते तर जातानाचे ४ आणि ९ तसेच राहिले असते, परतीचा आकडा मात्र वेगळा आला असता.

तुमचा परतीचा भार ८ किलो. चारानं भागला तर पी१ = २ किलो. हिशोबात २.३३ आहे. जाडीचा घन लागतो, म्हणजे पट्टी ०.५ नाही, ०.४७५ च्या आसपास असावी. परतीच्या आकड्यावर माझा जास्त विश्वास आहे, कारण पट्टीतला बारीक बाक आणि धक्के यांनी तो फारसा हलत नाही. जातानाचा हलतो. किती, तेही काढता येतं. ९ पी१ च्या ९० टक्के भारावर असताना मधला भाग भिंतीपासून फटीच्या फक्त ०.०७८ पट ढळला, तुमच्या ४ मिमी फटीत ०.३ मिमी, की उडी होऊन जाते. ८० टक्क्यांवर लागतात ०.१७ पट, म्हणजे ०.७ मिमी. रोलमधून कापलेल्या पट्टीत एवढा बाक सहज असतो, आणि पारड्यात वजन ठेवतानाचा धक्का वेगळाच.

---

वागळे१६

वरच्या दादांचं गणित मान्य. आता मांडणीबद्दल, क्रम तुमच्या सोयीनं लावा.

जाडी व्हर्नियरनं घेऊ नका, मायक्रोमीटरनं पाच जागी घ्या. निळा थर असेल तर तोही जाडीत मोजला जातो आणि कडकपणात त्याचा उपयोग नाही. ०.५ ऐवजी ०.४८ म्हणजे भार साडेअकरा टक्क्यांनी खाली.

पट्टी सरफेस प्लेटवर सपाट ठेवा आणि मधोमध फीलर गेज (ठरावीक जाडीची पातळ पानं) घाला. ०.१ चं पान आत गेलं तर ती पट्टी या प्रयोगासाठी बाद. रोलचा बाक हातानं उलटा वाकवून घालवायला गेलात तर बारीक लाटा पडतात, त्या आणखी वाईट. सरळ लांबीत मिळणारी पट्टी घ्या. पत्र्याच्या कातरीनं कापू नका, कड वळते आणि त्या वळलेल्या कडेचा कडकपणा हिशोबात नसतो. वायरकट (तारेच्या ठिणगीनं कापणं) करून घ्या, नंतर कडेवर उरलेली खरबरीत धार ऑइलस्टोननं काढा.

क्लॅम्पच्या दोन जबड्यांच्या कडा एका रेषेत आहेत का ते गुण्यात बघा. एक जबडा १ मिमी आखूड असला की पट्टी तिथून वाकायला लागते. मोकळी लांबी वाढते आणि टोकही पक्कं राहत नाही. जबड्याची कड धारदार काटकोनी हवी, तिरकी छाटलेली (चॅम्फर) नको. दोन बोल्ट आळीपाळीनं थोडे थोडे आवळा, नाहीतर पट्टी तिरकी बसते.

भिंत. इथे सगळ्यात मोठी गडबड आहे. ४ पी१ ला मधल्या बिंदूवर जोर साधारण ४.९ न्यूटन. ५ मिमी अ‍ॅक्रिलिक, ४० रुंद, ३०० चा गाळा, टोकांना नुसतं टेकलेलं धरलं तर मध्ये २.२ मिमी वाकतं. तुमचे बोल्ट टोकं थोडी धरत असतील, तर कमी वाकेल, पण शून्य नाही. फट आहे ४ मिमी! भिंत वाकली की पट्टी तिच्या खोलगट भागात बसते, सपाट होतच नाही. लवकर उडीचं कारण मात्र हे नाही. खोलगट बसलेली पट्टी दाबानं भिंतीकडेच रेटली जाते, त्यामुळे उडी उलट उशिरा येते. म्हणजे तुमच्या १६ किलोत दोन चुका एकमेकींना थोड्या खातायत.

१२ मिमी एमएस (माइल्ड स्टील) प्लेटच्या भिंती करा आणि आतली बाजू सरफेस ग्राइंड करून घ्या. वागळे इस्टेटमध्ये किंवा रबाळे एमआयडीसीत छोटी जॉब वर्क करणारे भरपूर आहेत, दोन्ही प्लेट एकाच सेटिंगला ग्राइंड करा असं सांगा. १२ मिमी स्टील याच जोराखाली मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्श्यांत हलतं. पारदर्शक भिंतीची गरज नाही, आपण पट्टी कडेनं बघतो. मागे पांढरा कागद आणि एलईडी ट्यूब ठेवली की फटीतला उजेड मिटताना स्वच्छ दिसतो.

फट १० मिमी करा. ४ मिमीला पट्टी वाकायला लागून भिंतीला टेकेपर्यंत वरचा क्लॅम्प जेमतेम ०.१३ मिमी खाली येतो आणि उडीपर्यंत एकूण ०.२४. क्लॅम्पची ढिलाईच तेवढी असते. १० मिमीला टेकणं ०.८२ वर, सपाट होणं १.० वर, उडी १.५ वर. हे डायल गेजनं आरामात वाचता येतं. शिवाय दादांनी दिलेला ढळण्याचा हिशोब फटीच्या पटीत आहे: ९० टक्के भारावर ४ मिमीत ०.३ पुरतं, १० मिमीत ०.७८ लागतं. तीच पट्टी, तोच बाक, पण उडी कमी बिघडते. ताण वाढतो, उडीच्या वेळी साधारण ३३० न्यूटन प्रति चौ. मिमी. स्प्रिंग स्टीलला हे काहीच नाही. एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) ची मऊ पट्टी मात्र कायमची वाकेल, ती वापरू नका.

वजनं अर्ध्या किलोची टाकण्याऐवजी पारड्याखाली २० लिटरचा पाण्याचा जार टांगा आणि वरून बारीक नळीनं पाणी सोडा. एक लिटर एक किलो, धक्का नाही. परतीला तीच नळी सायफन. गाइड रॉडला बुश असेल तर घर्षण आधी तपासा: पट्टी काढून घ्या, क्लॅम्प कप्पीवरून दोरीनं तोलून धरा, आणि तो हलायला किती ग्रॅम जास्त लागतात ते दोन्ही दिशांना बघा. ५० ग्रॅमच्या आत हवं.

---

घणसोली_मेक

दोघांचेही आभार. मायक्रोमीटरनं पाच जागी ०.४८, एका टोकाला ०.४७५. त्यावरून पी१ २.०६ किलो, ४ पट ८.२, ९ पट १८.५. परतीचे ८ बसले! पट्टीखाली मध्यावर ०.४ चं फीलर आत जातं, म्हणजे १८.५ ऐवजी १६ का, तेही कळलं. अ‍ॅक्रिलिकच्या मागे डायल गेज लावला तर उडीच्या आधी भिंत १.३ मिमी बाहेर आलेली. प्लेट करायला देते.

दोन शंका. वजनांऐवजी स्क्रूनं क्लॅम्प खाली दाबला आणि लोडसेलवर (भार मोजणाऱ्या सेन्सरवर) भार वाचला तर ९ आणि ४ हेच आकडे दिसतील का? आणि भिंतीवरच्या घर्षणाचं काय?

---

कागदपेन्सिल

स्क्रूनं चित्र बरंच बदलतं आणि शिकवायला मला ते जास्त आवडतं.

वजन टांगलेलं असताना भार ठरलेला असतो, म्हणून पट्टी सुटली की थेट समोरच्या भिंतीवर जाऊन आदळते. स्क्रूनं क्लॅम्पची जागा ठरलेली असते. ९ पी१ ला सपाट भाग सुटतो, पण समोर पोचायला लागणारी लांबी त्याच्याकडे नसते. १० मिमी फटीत सुटताना क्लॅम्प १.५ मिमी खाली आलेला असतो आणि मधला उंचवटा समोरच्या भिंतीला टेकायला एकूण ३.३ मिमी लागतात. त्यामुळे तो फटीच्या सहाव्या हिश्श्याच्या आसपास एक छोटी झेप घेतो आणि थांबतो. लोडसेलवर भार ९ पटीवरून ७.२ पटीच्या आसपास पडतो. पुढे स्क्रू फिरवत राहा: उंचवटा हळूहळू वाढतो, भार कमी होत जातो, आणि समोर टेकण्याच्या क्षणी ४ पी१ वर येतो. तिथून पुन्हा चढायला लागतो.

ही उतरती वाट वजनांच्या प्रयोगात कधीच दिसत नाही. उलट फिरवताना याच वाटेनं भार चढतो आणि साधारण ८.५ पटीला पट्टी पुन्हा सपाट बसते. म्हणजे वजनांनी ९ आणि ४ इतकं अंतर, स्क्रूनं ९ आणि ८.५ एवढंच. पट्टी एक, भिंती त्याच, दाबायची रीत वेगळी. मुलांकडून दोन्ही आलेख एकाच कागदावर काढून घ्या. हे आकडे आकार सममित राहिला तरच. मधला उंचवटा एका बाजूला सरकलेला दिसला तर क्लॅम्प तिरका आहे.

सरकणं स्क्रूच्या आट्यांवरून मोजू नका. लोडसेल स्वतः दबतो, फ्रेम ताणली जाते. डायल गेजचं टोक थेट वरच्या क्लॅम्पवर आणि बूड खालच्या क्लॅम्पवर.

पुढच्या उडीसाठी घाई नको. दोन उंचवट्यांच्या आकारात सपाट भाग एकाहून जास्त जागी वाटला जाऊ शकतो. सगळा एकाच जागी साठला तर २५ पी१, वाटला गेला तर त्याच्या बऱ्याच पुढे. घर्षण नसेल तर तो कुठे साठेल हे गणित सांगत नाही, त्यामुळे दर वेळी वेगळा आकडा आला तर गोंधळून जाऊ नका.

---

खोलविहीर

घर्षणाबद्दल. प्रत्येक टेकणीवर पी × फट ÷ मोकळी लांबी एवढा आडवा जोर, त्याला घर्षणांकानं गुणलं की तेवढा उभा भार भिंत खाऊन टाकते. घर्षणांक ०.२, फट १०, मोकळी लांबी १०० धरा: एका टेकणीला भाराच्या २ टक्के. एका उंचवट्यात हे सोडून दिलं तरी चालेल. पण भार वाढतो तसे उंचवटे वाढतात आणि मोकळी लांबी आखडते, म्हणजे टेकण्या जास्त आणि प्रत्येक टेकणी जास्त खाणारी. भिंतीत टाकलेल्या कॉन्ड्यूटमध्ये (वायरच्या नळीत) वायर ओढण्यासाठी स्टीलची पट्टी ढकलताना एका टप्प्यानंतर कितीही जोर लावा, पुढचं टोक हलत नाही, ते यामुळेच.

तेलविहिरींत हाच प्रश्न मोठ्या रूपात येतो. ड्रिल पाइप म्हणजे विहिरीच्या भिंतीत अडकलेला बारीक स्तंभच. लुबिन्स्कीनं १९५० मध्ये उभ्या विहिरीतल्या पाइपच्या बकलिंगवर लिहिलं. तिरक्या विहिरींसाठी डॉसन आणि पॅस्ले यांचं १९८४ चं सूत्र अजून वापरात आहे: भार = २ × वर्गमूळ (ईआय × दर मीटर वजन × साइन कल ÷ फट). कल उभ्या रेषेपासून मोजायचा, वजन चिखलातलं उत्प्लावन वजा करून घ्यायचं, आणि फट म्हणजे विहीर आणि पाइप यांच्या त्रिज्यांतला फरक. समुद्रातल्या एका प्लॅटफॉर्मवरून चहूबाजूंना तिरक्या विहिरी खोदतात तिथे हे रोजचं गणित आहे.

इथे फट सूत्रात आहे. कारण पाइपला त्याचं वजन भिंतीच्या तळाशी धरून ठेवतं आणि वाकायचं तर पाइपला गोल भिंतीवर वर चढावं लागतं. फट लहान तितकी ती चढण तीव्र. मॅडमच्या उभ्या पट्टीला असं धरून ठेवणारं काही नाही. ‘फट भारात येत नाही’ हा नियम मुलांना सांगताना सपाट भिंती आणि आडवा भार नाही, या दोन अटी जोडून सांगा, नाहीतर नोकरीत गेल्यावर चुकीच्या जागी लावतील.

इमारतींच्या बकलिंग रोखलेल्या ब्रेसमध्येही (सांगाड्याच्या तिरक्या आधार-दांड्यांमध्ये) स्टीलचा गाभा मॉर्टर भरलेल्या नळीत असाच लाटा घेतो. तिथे गाभा लवचिक मर्यादेपलीकडे गेलेला असतो, म्हणून ई च्या जागी खूपच लहान स्पर्शिका मापांक (त्या ताणाला उरलेला कडकपणा) घ्यावा लागतो. मोकळी लांबी त्याच्या वर्गमूळात आखडते आणि पी × फट ÷ लांबी हा जोर फुगतो. गाभ्याभोवतीची फट मोजून-मापून ठेवतात ती यासाठी. बकलिंगचा भार वाढवण्यासाठी नव्हे, नळीची भिंत फुटू नये म्हणून.

---

वागळे१६

मॅडम, एक राहिलं. भिंतींना तेल लावायचं की नाही हे आधीच ठरवा. पावसाळ्यात ग्राइंड केलेलं एमएस दोन दिवसांत गंजतं आणि गंजावर घर्षण वाढतं. पातळ मशीन ऑइलचा हात फिरवून कोरड्या फडक्यानं पुसा, दर वेळी तसंच, म्हणजे वाचनं एकमेकांशी जुळतील. पट्टीही तशीच ठेवा, आणि कागदात गुंडाळून नाही, सपाट फळीवर आडवी.

आणि जारच्या प्रयोगात उडीच्या क्षणी १८ किलोचा भार दोनेक मिमी एकदम खाली येतो. पट्टी तुटली किंवा क्लॅम्पमधून निसटली तर तो तिथे थांबणार नाही. दोन्ही गाइड रॉडवर सरकत्या क्लॅम्पखाली ६ मिमी अंतर ठेवून नट आणि त्यावर लॉकनट बसवा, आणि जार जमिनीपासून दोन-तीन सेंटीमीटरच वर टांगा.